फराहबाग

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या आग्नेयेस, भिंगारच्या बाजूला लष्करी हद्दीत असलेला निजामशाही काळातील बागमहाल. मूळ नाव फराह बख्श, बोलण्यात फराबाग.

मलिक अहमदने १४९४ मध्ये नगर वसवल्यानंतर शहराबाहेर सुलतानांच्या विसाव्यासाठी अशा वास्तू झाल्या. सावेडीच्या बाजूची हश्त बिहिश्त बाग आधीची, फराहबाग त्यांतली सर्वांत भव्य. येथे प्रथम नियामत खानाने महाल बांधला, तो पहिल्या मूर्तजा निजामशहाला (कार. १५६५–८८) पसंत न पडल्याने पाडून टाकला, असे इतिहासकार सांगतात. नवे काम सलाबत खानाने १५८३ मध्ये पुरे केले. मूर्तजा एकांतप्रिय, लोक त्याला ‘दिवाणा’ म्हणत. कारभार सलाबत खान पाही. माणसांपासून दूर राहू पाहणाऱ्या सुलतानासाठी चहूबाजूंनी पाणी असलेले घर बांधले गेले, ही गोष्ट वास्तू पाहताना ध्यानात ठेवावी.

महाल चौकोनी तलावाच्या मध्यभागी आहे. चौरसाचे कोपरे छाटून त्याचा अष्टकोन केलेला आहे. म्हणून चार बाजू लांब आणि चार आखूड. प्रत्येक लांब बाजूस दोन मजले उंचीची खोल कमान, तिच्या दोन्ही अंगांना एकावर एक लहान कमानी. मधोमध तितकेच उंच, घुमटी छताचे दालन, कोपऱ्यांत खोल्या. हा मध्य आशियाई, इराणी वळणाचा आराखडा. दिल्लीच्या हुमायूनच्या कबरीतही तो भेटतो, पण तिथे तो मृतासाठी आहे, इथे राहण्यासाठी. बांधकाम दगड-चुन्याचे, वर चुन्याचा गिलावा. पाण्यावरून येणारा वारा कमानींतून मधल्या दालनात शिरतो आणि तापलेली हवा उंच छताकडे चढते. नगरच्या उन्हाळ्यात या उंचीचे मोल कळते. नुसत्या दिमाखासाठी ती नाही. पाण्यासाठी निजामशाहीने टेकड्यांकडून भुईखालून खापरी नळ आणले होते. शहर आणि बागा दोन्ही त्यांवर जगत.

नेमक्या याच वर्षांत, १५८० ते ८८ दरम्यान, इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ रॉबर्ट स्मिथसन याने फ्रान्सिस विलोबीसाठी वोलटन हॉल बांधला. तिथेही मध्यभागी उंच दालन आणि चार कोपऱ्यांना मनोरे. या दोन वास्तूंचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी तुलना बोधक आहे. वोलटनचे दालन उंच खिडक्यांतून उजेड गोळा करते, फराहबागेचे दालन सावली आणि वारा.

सलाबत खानाची शाह डोंगरावरील अष्टकोनी, तीन मजली कबर ‘चांदबीबी महाल’ या नावाने पर्यटकांना ठाऊक आहे. फराहबागेकडे त्या मानाने फार थोडे लोक वळतात, हे खेदाचे. तलाव आता कोरडा आहे आणि गिलावा बऱ्याच ठिकाणी गळून आतील दगडी चिणाई उघडी पडली आहे. जतनाचा विचार करताना भिंतींइतकेच तलावाला आणि त्याच्या जलमार्गांना महत्त्व दिले पाहिजे, कारण वास्तूचा आराखडाच पाण्यावर बेतलेला आहे.