नागपूर : चौरस्त्यावरील एक शहर

नागपुरास विधानभवनाजवळ एक दगडी खांब असून त्याच्या सान्निध्यात चार घोडे उधळलेले दाखविले आहेत. ह्या स्थळास लोक 'झीरो माईल' म्हणतात. पाहुण्यास तेथे नेऊन 'हा हिंदुस्थानचा मध्यबिंदू' असे अभिमानाने सांगण्याचा नागपूरकरांचा परिपाठ आहे. आम्हांसही तसे अनेकदा सांगण्यात आले व आम्हीही मान डोलाविली. परंतु खांबाजवळच्या लहान दगडावर काय कोरले आहे ते पाहावे, म्हणजे निराळाच बोध होतो. तो मोजणी खात्याने १९०७ साली बसविलेला उंचीच्या खुणेचा दगड आहे. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, एवढेच तेथल्या मोजमापाचे सांगणे. मध्याविषयी तो दगड अवाक्षर काढीत नाही.

ह्या गोष्टीचा उल्लेख नागपूरकरांस चिडविण्याकरिता आम्ही करीत नाही. आपण देशाच्या मध्यावर आहो, तेव्हा भाग्य आपल्याकडे चालत येणारच, ही समजूत ह्या शहरात दीडशे वर्षे मुरलेली आहे, व नागपूरच्या पुढील उत्कर्षाच्या ज्या ज्या योजना निघतात त्या सर्वांच्या मुळाशी हीच असते. ती कितपत खरी, हे इतिहासास विचारून पाहावे असे आमच्या मनात आले.

आरंभी तर हे शहर कशाच्याच मध्यावर नव्हते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह ह्याने १७०२ च्या सुमारास नाग नदीच्या काठची बारा खेडी एकत्र करून येथे वसाहत केली. त्याचा मुलगा चाँद सुलतान ह्याने गावास तट घातला, राजधानी येथे आणली व जुम्मा तलाव बांधविला. पुढे गोंडांच्या गृहकलहात रघूजी भोसले मध्यस्थ म्हणून आले आणि मालक होऊन राहिले. मध्यस्थीचा असा शेवट आपल्या इतिहासात काही नवा नाही. भोसल्यांच्या अमदानीत दरबारामुळे शहरास तेज आले. रेशीमकाठी धोतरे, पागोटी, लुगडी विणणारे कोष्टी येथे व उमरेडास नांदू लागले. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी वारले, दुसऱ्याच वर्षी राज्य खालसा झाले, व राजवाड्यातील जडजवाहीर कलकत्त्यास लिलावात निघाले. दरबार गेला तसे उंची वस्त्राचे गिऱ्हाईकही गेले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी ठरले खरे. परंतु कचेरीतला कारकून जरीकाठी पागोटे कितीसे घेणार!

आगगाडी आली ती ह्याच सुमारास. त्यापूर्वी वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल उत्तरेस मिर्झापूरच्या पेठेपर्यंत जात असे. वाटेत पावसाने भिजे, धुळीने माखे, आणि पोहोचेपर्यंत निम्मी किंमत गमावून बसे. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला, व इंग्लंडची दृष्टी वर्ध्याच्या काळ्या जमिनीकडे वळली. हिंगणघाटी कापसाचे नाव तेव्हा विलायतेच्या बाजारात झाले. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची गाडी मुंबईहून नागपुरास पोहोचली. युद्ध संपून दोन वर्षे होऊन गेली होती, भावही उतरले होते. तथापि लोहमार्ग झाला तो झालाच. ह्या मार्गाने कापूस खाली जाई व त्याच डब्यांतून विलायती कापड वर येई. शहर मध्यावर आले म्हणतात ते असे आले. त्याच्या शेतातील माल त्याच्या डोळ्यांदेखत सात समुद्रांपलीकडे जाई, व त्याचेच धोतर होऊन दुप्पट दराने परत येई.

हा फेरा ज्याच्या ध्यानात प्रथम आला तो नागपूरचा नव्हता, ही आमच्या मते विचार करण्याजोगी गोष्ट आहे. जमशेटजी टाटा हे नवसारीचे पारशी, धंदा मुंबईचा. लँकेशायरच्या गिरण्या स्वतः पाहून आल्यावर त्यांनी मनाशी हिशेब मांडला की, गिरणी मुंबईस न काढता कापूस जेथे पिकतो तेथेच का काढू नये? कापूस हाताशी, वरोऱ्याकडचा कोळसा जवळ, आणि कापड घेणारी वस्तीही आसपास. १८७४ साली त्यांनी सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापिली. भांडवल पंधरा लाखांचे होते. जागा जुम्मा तलावाजवळची, दलदलीची, स्थानकास लागून. खड्डे भरून काढण्याचे काम सुरू झाले तेव्हा येथल्या एका सावकाराने कर्ज देण्याचे नाकारले. सोने मातीत पुरणाऱ्यास पैसा कोण देतो, असे तो म्हणाल्याचे सांगतात. आणि पुढे त्यानेच कबूल केले म्हणे की, पुरली ती माती, उगवले ते सोने. ही आख्यायिका जमशेटजींच्या चरित्रकारामुळे प्रसिद्ध झाली. आम्हांस मात्र तो सावकार फारसा वेडा वाटत नाही. ज्या गावात दोन राजवटी बुडाल्या होत्या, तेथे दलदलीत पैसा घालणाऱ्याकडे कोणीही साशंक होऊनच पाहिले असते.

गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीस व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस मिल. विलायती कापडाशी स्पर्धा करावयास निघालेल्या गिरणीने विलायतच्या राणीचे नाव धारण करावे, ह्यात त्या काळच्या धूर्त राजनिष्ठेचे सगळे रहस्य आले. व्यवस्थापक नेमले ते बेझनजी दादाभाई मेहता. हे रेल्वेच्या नोकरीतून आलेले, व गिरणीच्या कामाचा त्यांस गंधही नव्हता! पण माणूस पारखण्यात जमशेटजी चुकत नसत. आरंभीची स्वस्तातली यंत्रे कुचकामी ठरली. ती काढून टाकून नवी बसविली. रिंग चात्यांविषयी इंग्लंडातील गिरणीवाले शंका घेत होते, त्या नागपुरात लवकरच फिरू लागल्या. कामावर न येणाऱ्या मजुरास दंड करण्याऐवजी नियमित येणाऱ्यास बक्षीस द्यावे, असा मार्ग बेझनजी व टाटा ह्यांनी काढला. पुढे पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड, अपघाताची भरपाई ह्या गोष्टी कायद्याने सक्तीच्या होण्याच्या पुष्कळ आधी येथे आल्या.

ह्या उदारपणाचे गोडवे पुष्कळांनी गायिले आहेत, व ते अस्थानी नाहीत. परंतु गिरणीचा भोंगा वाजल्यावर आत कोण शिरत होते, हे सांगितल्यावाचून ती हकीकत अपुरी राहील. नागपूरच्या आसपास जाडेभरडे कापड विणणारे महार समाजातील विणकर होते. गिरणीच्या मालापुढे त्यांचा माग टिकला नाही. तेव्हा तेच मोठ्या संख्येने गिरणीत आले. गावात ज्यांची सावली चालत नव्हती त्यांस यंत्राजवळ उभे राहण्यास जागा मिळाली व महिन्याच्या महिन्यास रोख वेतन मिळू लागले. यंत्रास जात नसते असे म्हणण्याचा मोह होतो; पण यंत्र चालविणाऱ्यांस होती, आणि गिरणीतही कोणते खाते कोणाचे हे जातीवरून ठरत असे. तरीपण रोख पगार व गावकीच्या कामातून सुटका ह्या दोहोंचा परिणाम झालाच. किसन फागूजी बनसोडे ह्यांनी नागपुरात छापखाना काढून अस्पृश्यांची पत्रे चालविली. त्यांतील एकाचे नाव 'मजूर पत्रिका' होते, हे लक्षात घ्यावे. पुढे रुईकरांसारख्या पुढाऱ्यांनी गिरणी कामगारांचे लढे लढविले. जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना नागपुरास झाली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला तोही येथेच. ह्या घटनांचे श्रेय गिरणीस देणे हा अविचार होईल. परंतु इंदोऱ्यासारख्या वस्त्यांत हक्काचा पैसा खिशात असलेला व एकत्र येण्यास शिकलेला समाज तयार झाला नसता, तर ह्या चळवळीस नागपुरात इतका भक्कम पाया मिळाला असता की नाही, ह्याची आम्हांस शंका वाटते.

कोष्ट्यांची गोष्ट निराळी. गिरणीने प्रथम मारले ते सूतकताईस, म्हणजे घरोघरच्या बायकांच्या मिळकतीस. माग त्या मानाने वाचला. कोष्टी गिरणीचेच सूत घेऊन रेशीमकाठी धोतरे व लुगडी विणीत राहिले, व त्यांचे माग पुढे कित्येक पिढ्या चालले. ज्या कातणाऱ्या बायांचा चरखा बंद पडला त्यांची नोंद मात्र कोणत्याच चरित्रग्रंथात नाही.

ह्यानंतर लोहमार्गांचे जाळे विणले गेले. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली. छत्तीसगडाकडे जाणारा पूर्वीचा अरुंद मार्ग तिने रुंद केला, आणि १९०० पर्यंत नागपूरमार्गे मुंबई-हावडा असा सरळ रस्ता झाला. इटारसीकडचा मार्ग १९२० नंतरच्या दशकात पुरा झाला, आणि त्याच दशकाच्या अखेरीस बल्लारशा-काझीपेठ जोडले जाऊन दिल्लीहून मद्रासला नागपूरवरून जाता येऊ लागले. सावनेरच्या दगडाची स्थानकाची देखणी इमारत १९२५ साली प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय ह्यांच्या हस्ते उघडली. चार दिशांचे चार मार्ग मिळाले. शहर आता खरोखरच मध्यावर आले होते.

परंतु मार्ग चार असले म्हणजे मिळकत चौपट होते असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूर-भंडाऱ्याकडे मँगनीजच्या खाणी निघाल्या. खनिज वाघिणींत भरून बंदरावर व तेथून परदेशच्या पोलाद कारखान्यांस जाई. येथे राहिले ते खड्डे व खोदणाऱ्यांची मजुरी. संत्र्यांचेही बव्हंशी तसेच झाले. ह्या प्रकारचे अत्यंत मार्मिक उदाहरण आम्हांस रात्रीच्या विमान-टपालात दिसते. ३० जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्री नागपुरास उतरत, आपापल्या पिशव्यांची अदलाबदल करीत, व उजाडण्यापूर्वी परत फिरत. देशभरच्या प्रेमपत्रांस व हुंड्यांस नागपूरचा वारा तेवढा लागे. योजना मोठी कल्पक होती व वर्षानुवर्षे उत्तम चालली. तथापि सकाळी जागे होणाऱ्या नागपूरकरांच्या पदरात तिने काय टाकले, हा प्रश्न उरतोच.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन राजधानीचा मान गेला. करारान्वये हिवाळी अधिवेशन तेवढे मिळाले. गिरणीही खंगत चालली होती. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा व तोटा ह्यांच्या योगाने ती १९८६ साली राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली व २००२ साली कायमची बंद झाली. तिच्या जागेवर आता मोठे बाजार-संकुल उभे आहे. योगायोग असा की, त्याच २००२ साली मोतीबागेत अरुंद मार्गाच्या रेल्वेचे संग्रहालय उघडले. एकाच वर्षी शहराने आपला एक धंदा मोडीत काढला व दुसरा काचेच्या कपाटात ठेवला.

आज पाहावे तर विस्तारास सीमा नाही. १९०१ साली लोकसंख्या १,२७,७३४ होती, ती २०११ साली २४,०५,६६५ भरली. बुटीबोरीस कारखान्यांची वसाहत आहे, मिहान आहे, २०१९ पासून मेट्रो आहे. मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग २०२५ साली पुरा झाला. ह्या सर्वांच्या जाहिरातींत 'मध्यवर्ती' हा शब्द हटकून असतो. महामार्गावरून मालमोटारी सुसाट जातात ते पाहून आम्हांस ती चार विमाने आठवतात. रस्ता जितका उत्तम तितके त्यावरून निघून जाणेही सुलभ.

तथापि मिहानमधील एका ठिकाणाविषयी आम्हांस आस्था वाटते. तेथे मोठ्या विमानांच्या दुरुस्तीचा कारखाना २०१५ साली सुरू झाला. देशोदेशी फिरणारे विमान तेथे उतरते व दिवसेंदिवस मुक्काम करते. त्याचे सांधे उकलले जातात, एकेक भाग तपासला जातो, व ते काम करणारे हात शिकून तयार होतात. मोतीबागेच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकापासून डब्यांचे व इंजिनांचे हेच चालत आले होते, आणि तेथे हत्यार धरावयास शिकलेल्या माणसांच्या पिढ्या ह्या शहरात अद्याप आहेत. त्या घराण्यांतील मुले विमानाच्या त्या छपराखाली किती पोहोचतात, इकडे आमचे लक्ष आहे.