खाडीकांठचीं तीन कलमें : वसई, मुंबई व साष्टी (इ. स. १५३४–१७३९)

ठाण्याहून निघणारा रस्ता साष्टीच्या उत्तर अंगानें खाडीस समांतर जाऊन घोडबंदरास पोंचतो. तेथील टेकडीवर फिरंग्यांनीं बांधलेला कोट आहे. इ. स. १६७५ मध्यें फ्रायर हा इंग्रज वैद्य या वाटेनें आला, तेव्हां त्यानें या स्थळाचें नांव 'ग्रेबोंडेल' असें लिहून ठेविलें. व येथील धनी गोव्याअलीकडील फिरंग्यांत सर्वांत श्रीमंत समजला जातो, त्याचा कोट आहे व कोटांत देऊळ आहे, असें नमूद केलें. या कोटासमोरील खाडीच्या परिसरांत दोन शतकांत तीन वेळां राज्यपालट झाला, अथवा त्याचा करार झाला. तिन्ही वेळां जाणाऱ्या सत्तेनें येणाऱ्या सत्तेकडून मागें राहणाऱ्या लोकांच्या धर्माविषयीं एकेक कलम लिहून घेतलें. त्या तीन कलमांचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे.

एका राज्यानें दुसऱ्या राज्याच्या प्रजेच्या वतीनें बोलावें कीं नाहीं, हा वाद आज मानवी हक्कांच्या नांवानें वकिलातींतून व राष्ट्रसंघाच्या सभागृहांतून चालतो. १० डिसेंबर १९४८ च्या जाहीरनाम्यानें त्यास शब्द दिले. जुन्या राजकारणांत हा शब्द नव्हता, पण गोष्ट होती. आणि ती बहुधा तहाच्या कलमांतच सांपडते. कारण मुलूख हातचा जात असतां, कागदावर शिक्का पडण्यापूर्वीं, जें मागून घेतां येतें तेवढेंच पदरांत पडतें. एकदां शिक्का पडला कीं मागणारा परका होतो.

पहिलें कलम गुजराथच्या सुलतान बहादूरशहाचें. हुमायूनच्या स्वारीच्या भयानें त्यानें २३ डिसेंबर १५३४ रोजीं नूनो द कून्य यांशीं तह करून वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगालच्या राजास दिला. त्यांत इतर कलमांबरोबर एक असें कीं, वसईच्या उत्पन्नांतून मशिदींकडे जाणाऱ्या पांच हजार लारी पूर्ववत् चालाव्या, त्यांत नवें कांहीं करूं नये. लारी म्हणजे मुडपलेल्या चांदीच्या तारेचें तें नाणें. कोंकणांतील संग्राहकांस त्याचा परिचय आहेच. मुलूख देतांना आपल्या धर्मस्थानांची तरतूद करून ठेवणें हा बहादूरशहाचा विवेकच म्हणावा लागेल. परंतु १५३७ च्या फेब्रुवारींत दीवच्या समुद्रांत फिरंग्यांशीं झालेल्या झटापटींत तोच मारला गेला. पुढें १५४६ मध्यें पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव यानें वसईकडील मशिदींचें हें उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे लावण्याविषयीं लिहिलें. कलम बारा वर्षेंही टिकलें नाहीं. जाब विचारणारा मेला होता, व त्याच्या गादीस हा जाब विचारण्याची सवड नव्हती.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. बहादूरशहा बोलला तो मशिदींपुरता. साष्टी व वसई प्रांतांत बहुसंख्य प्रजा हिंदूंची; तिच्या देवळांकरितां या कलमांत अक्षर नाहीं.

दुसरें कलम २३ जून १६६१ च्या तहांतील. ब्रागांझाची राजकन्या कॅथेरिन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्लस राजास देतांना मुंबई आंदण म्हणून लिहून दिली, तें हें सुप्रसिद्ध अकरावें कलम. जे रहिवासी तेथें राहतील त्यांस रोमन कॅथॉलिक धर्म सांप्रत चालतो तसाच निर्वेध चालवितां यावा, अशी अट त्यांत आहे. या वेळीं देणारा जिवंत होता, बलवानही होता. साष्टी, ठाणें, वसई त्याच्याच हातीं असल्यानें मुंबईवर त्याची नजर रोजची होती. म्हणून हें कलम पुष्कळ टिकलें. तरी १७२० मध्यें गव्हर्नर बून यानें पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांस मुंबईंतून काढून त्यांचीं देवळें कार्मेलाइट पाद्र्यांच्या स्वाधीन केलीं. पाद्र्यांची निष्ठा गोव्याकडे लागलेली, हा इंग्रजांचा मुख्य आक्षेप. उपासना राहिली, उपासक राहिले. पुरोहित मात्र बदलले. अक्षर पाळून अर्थ वळविण्याची ही रीत मुत्सद्द्यांस तेव्हांही चांगली अवगत होती.

याच मुंबईच्या ताब्याच्या प्रकरणांत दुसराही एक कागद आहे, आणि आमच्या मतें तो अधिक बोलका आहे. बेट प्रत्यक्ष हातीं पडावें म्हणून हंफ्रे कुक यानें १६६५ च्या जानेवारींत गोव्याच्या विजरईशीं करार केला. त्यांत असें ठरलें कीं, पोर्तुगीज अंमलाखालील गांवांतले कुणबी, भंडारी वगैरे लोक मुंबईंत येऊं द्यावयाचे नाहींत, व आल्यास धन्याच्या हवालीं करावयाचे. एकीकडे ख्रिस्ती रयतेच्या धर्मस्वातंत्र्याची हमी घ्यावयाची, व दुसरीकडे पळून जाणाऱ्या कुळास परत मागावयाचें ! गांवकरी वेठीस बांधलेला आहे तो बांधलेलाच राहावा, याविषयीं दोन्ही दरबारांचे वकील एकमत झाले. इंग्लंडच्या राजानें पुढें कुकचा हा करार मान्य केला नाहीं, ही त्या कुळांची दैवगति.

ज्यांच्याकरितां कोणी राजा बोलत नव्हता त्यांतील सधन लोकांनीं आपली वकिली आपणच केली, याचें उदाहरण १६७७ चें. दीव येथील व्यापारी निमा पारख यानें मुंबईंत वसाहत करण्यापूर्वीं जेराल्ड आंजियर याच्या सरकाराकडून अटी लिहून घेतल्या : आपल्या जातीस आपला धर्म मोकळेपणीं पाळतां यावा, मृतांस आपल्या रीतीनें दहन करतां यावें, कोणासही बळानें ख्रिस्ती करूं नये, आपल्या आवारांत कोणीं जीवहत्या करूं नये. दीव पोर्तुगीजांचें, अर्थात् प्रत्येक अटीमागें तेथील अनुभव आहे. मात्र ही सोय भांडवलवाल्याची. घोडबंदर-कासारवडवलीकडच्या शेतकऱ्यास अटी घालण्याजोगें कांहीं नव्हतें.

त्या शेतकऱ्याची स्थिति काय होती ? गोव्यांत १५६० मध्यें इन्क्विझिशन बसलें, व त्याचा हात वसई प्रांतावरही होता. हिंदूंचे उत्सव व संस्कार उघड करण्यास बंदी होती. १५५९ च्या राजाज्ञेनें गोव्यांतील हिंदूंचीं पोरकीं मुलें ख्रिस्ती करण्याकरितां धर्मसंस्थेच्या हवालीं करण्याचें ठरलें. तोच शिरस्ता उत्तरेकडेही चालला, आणि त्यासाठीं 'ख्रिस्त्यांचा बाप' या नांवाचा अधिकारी नेमलेला असे. या जाचाची फिर्याद लिस्बनला पोंचविणारा परदेशी वकील कोणी नव्हता. ती खाडीपलीकडून गेली : भिवंडीकडील अंजूर गांवचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधु यांनीं ती पेशव्यांच्या कानीं घातली, आणि मोहिमेंत वाटाड्यांचें काम स्वतः केलें. तेव्हां खलिता गेला नाहीं, फौज गेली. १७३७ च्या वसंतांत मराठे साष्टींत उतरले. ठाण्याचा कोट अर्धवट बांधलेला होता, तो पडला. घोडबंदरही घेतलें गेलें. जिंकण्याचीं दुसरीं कारणें पुण्यास नव्हतीं असें आम्ही म्हणत नाहीं. साष्टीचें भात व खाडीची जकात हीं कोणास नको होतीं ? पण अंजूरकरांची फिर्याद खोटी ठरत नाहीं, ती त्यामुळें ऐकली गेली एवढेंच.

तिसरें कलम वसईचें. दोन वर्षांच्या झुंजीनंतर १६ मे १७३९ रोजीं कायतान द सौझ पेरैर यानें चिमाजी आप्पांशीं शरणागतीचीं कलमें ठरविलीं. शिबंदीनें शस्त्रांसह, वाद्यें वाजवीत बाहेर पडावें. जाऊं इच्छिणाऱ्यांनीं कुटुंब व मालमत्ता घेऊन जावें. जे ख्रिस्ती मागें राहतील त्यांस धर्म मोकळा असावा, व त्यांच्याकरितां तीन देवळें राखावीं. मागणारा या वेळीं पूर्ण हरलेला. सुरुंगांनीं तट फुटलेला. मराठ्यांचीं हजारों माणसें खंदकांत पडलेलीं. सूड घेण्यास याहून मोठें निमित्त कोणतें हवें? तरी कलम मान्य झालें.

तें पाळलें गेलें काय ? येथें पक्षपात करूं नये. तीन देवळें म्हणजे डझनावारी देवळांतलीं तीन. पुष्कळ उजाड झालीं. वसई प्रांतांतल्या घंटा लुटींत घाटावर गेल्या, त्यांपैकीं मेणवली व नाशिक येथील आजही पाहावयास मिळतात. परंतु १७६० मध्यें आंकेतील द्यु पेरों हा झेंद भाषेचा फ्रेंच अभ्यासक कान्हेरीचीं लेणीं पाहण्यास ठाण्यावरून गेला, तेव्हां मराठ्यांच्या अमलांत ख्रिस्ती लोक एतद्देशीय पाद्र्यांच्या हातून आपली उपासना उघडपणें करीत आहेत, असें त्यानें लिहून ठेविलें. साक्षीदार परका व पुणें दरबाराचा मिंधा नव्हे, म्हणून तिचें मोल अधिक. गोऱ्या पाद्र्यांबरोबर गोव्याची सत्ता गेली, पण गांव, कुळें व देऊळ राहिलें.

बहादूरशहाच्या कलमास आधार नव्हता, तें बुडालें. लिस्बनच्या कलमास शेजारच्या तोफांचा आधार होता, तें वांकडें होऊन कां होईना, चाललें. वसईच्या कलमामागें १७३९ नंतर कसलीही तोफ नव्हती. इंग्रज कप्तान इंचबर्ड याच्या मध्यस्थीनें १७४० मध्यें चौल व कोरलाईही पोर्तुगीजांनीं मराठ्यांस सोडून दिलीं. मग आठवण करून देण्यापुरतें त्यांच्यापाशीं काय उरलें? तरी कलम पस्तीस वर्षें चाललें. आमच्या समजुतीनें याचें कारण शेतीच्या बांधावर शोधावें. साष्टीचा ख्रिस्ती हा बहुधा तोच कुणबी, कोळी, भंडारी. तो गेला असता तर खाजणें पडीक राहिलीं असतीं, व सुभेदारास सारा मिळाला नसता. शिवाय ज्यांनीं स्वतः धर्माची फिर्याद घेऊन वाट दाखविली होती, त्या अंजूरकरांच्या शेजारीं हीं ख्रिस्ती गांवें वसलीं होतीं. फिर्यादीची भाषा दोन्ही कांठांस समजत होती.

डिसेंबर १७७४ अखेर इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. त्या वेळीं साष्टींत जी ख्रिस्ती वस्ती त्यांस मिळाली, ती मराठ्यांच्या अमलांतून आलेली होती.