बाळंतघरातील वार

भोर-वेल्ह्याचा इतिहास सांगताना आम्ही बहुधा गडांवरच रेंगाळतो. शंभूराजे १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर जन्मले. कापूरहोळच्या धाराऊने त्यांना दूध पाजले. सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर निवर्तल्या. त्यांच्या दुखण्याचे निदान आज आम्ही करू नये. मात्र त्या काळी सुइणीने वार पुरली की तिची कथा तेथेच संपे.

वारेचा निम्मा वारसा पित्याकडचा, म्हणजे मातेच्या देहाला परका. तरीही गर्भाशयातील संरक्षक पेशी तिला हुसकावीत नाहीत. उलट रक्तवाहिन्या रुंदावण्याचे संकेत देतात. वारही वाहिन्या वाढविणारी द्रव्ये स्रवते. हा मेळ बिघडला की वाहिन्या अरुंद राहतात, वार त्या द्रव्यांना अडविणारे प्रथिन मातेच्या रक्तात भरमसाट सोडते. रक्तदाब चढतो, प्रसंगी झटके येतात. या प्रथिनाचा हा अपराध बोस्टनच्या डॉ. अनंत करुमंची व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उंदरांवर दाखविला. पुण्यात भारती विद्यापीठात डॉ. साधना जोशी यांनी अशाच वारांतील वाढद्रव्ये तपासली.

चढता रक्तदाब गर्भवतीला पुष्कळदा जाणवतही नाही. म्हणून राजगडाच्या पायथ्याच्या वाडीतही तो दर तपासणीला मोजला जावा, एवढेच आमचे मागणे.