लातूर-रेणापूर परिसर : २०१६ सालचा घटनाक्रम

लातूरच्या उत्तरेस, अंबाजोगाईच्या रस्त्यावर रेणापूर हे तालुक्याचे गाव आहे. गावाला नाव देणारी रेणा ही मांजरा नदीची उपनदी. याच तालुक्यात भंडारवाडी येथे रेणा मध्यम प्रकल्प आहे. लातूर शहराचा पाणीपुरवठा मात्र मुख्यतः बीड जिल्ह्यातील धनेगावच्या मांजरा धरणावर अवलंबून असतो. २०१४ आणि २०१५ या लागोपाठच्या दोन वर्षांत पावसाने ओढ दिल्याने हे धरण कोरडे पडले. त्यामुळे २०१६ हे साल या परिसराच्या इतिहासात पाण्याचे वर्ष म्हणून नोंदले गेले.

जानेवारी ते मार्च : नळ बंद पडल्याने शहराची भिस्त टँकर, विंधन विहिरी आणि विकतच्या पाण्यावर आली. भंडारवाडीसारख्या आसपासच्या प्रकल्पांतील व बंधाऱ्यांतील उरलेसुरले पाणीही शहराकडे वळवण्यात आले. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जिल्हा प्रशासनाने जमावबंदीचे कलम १४४ लागू केले. दंगलीसाठी वापरले जाणारे कलम पाण्यासाठी वापरावे लागल्याने देशाचे लक्ष लातूरकडे वेधले गेले.

एप्रिल व मे : ८ एप्रिल रोजी गुढीपाडवा कोरडाच गेला. ११ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी निघाली आणि १२ एप्रिलच्या पहाटे लातुरात पोहोचली. राजस्थानातील कोटा येथील कारखान्यात स्वच्छ केलेल्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) असा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा हा प्रवास होता. २० एप्रिलपासून पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली व एका फेरीत सुमारे २५ लाख लिटर पाणी मिळू लागले. स्थानकाजवळील विहिरीत उतरवलेले पाणी शुद्धीकरणानंतर टँकरने वाटले जाई. ‘जलदूत’ या नावाने ही गाडी प्रसिद्ध झाली. याच काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. कमी पावसाच्या मुलखात ऊस किती घ्यावा, हा वादही पेटला. रेणापूर तालुक्यातील निवाडा येथे रेणा सहकारी साखर कारखाना असल्याने या वादाची झळ येथील शेतकऱ्यांनाही जाणवली.

जून ते ऑगस्ट : पावसाळा सुरू झाला तरी धरण लगेच भरले नाही. त्यामुळे जलदूतच्या फेऱ्या ऑगस्टपर्यंत चालू राहिल्या.

सप्टेंबर व ऑक्टोबर : सप्टेंबरच्या उत्तरार्धात जोरदार पाऊस झाला आणि वर्षाचे चित्र पालटले. मांजरा धरण भरले. १ ऑक्टोबर रोजी घटस्थापना झाली. रेणापूरच्या रेणुकादेवीच्या नवरात्रोत्सवाच्या काळात ज्या नद्यांच्या पात्रांत उन्हाळ्यात खड्डे खणून पाणी शोधले जात होते, त्या दुथडी वाहत होत्या. काही ठिकाणी या अतिवृष्टीने काढणीला आलेल्या सोयाबीनचे नुकसान केले.

नोव्हेंबर व डिसेंबर : ८ नोव्हेंबर रोजी पाचशे व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. सोयाबीनच्या ऐन हंगामात बाजारातील रोकड आटली. तुरीचे पीक जोमदार आले. परंतु विक्रमी उत्पादनामुळे २०१७च्या आरंभी भाव ५,०५० रुपये क्विंटल या हमीदराखाली घसरले आणि शासकीय खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या. पाण्याअभावी होरपळलेला शेतकरी पाणी आल्यावर भावाअभावी अडचणीत आला.

वर्षाचा हिशेब : २०११च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. म्हणजे २५ लाख लिटरच्या एका फेरीतून माणशी साडेसहा लिटर पाणी वाट्याला येई. मांजरा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर आहे. तेवढे पाणी आणण्यास अशा सत्तर हजारांहून अधिक फेऱ्या लागतील. रेल्वेने पाणी आणण्याचा प्रयोग राजकोटमध्ये १९८६ साली झाला होता आणि २०१९ साली चेन्नईतही तो करावा लागला. जलदूतने लातूरला धीर दिला, हे खरेच. तथापि उर्वरित गरज भागली ती भंडारवाडीसारख्या जवळच्या साठ्यांतून, म्हणजेच गावांच्या वाट्याच्या पाण्यातून. २०१६च्या आठवणीत रेल्वेगाडी ठळक राहिली. गावांनी दिलेल्या या पाण्याची नोंदही तितकीच आवश्यक आहे.