दोरीवरचं वाळवण

परवा आमच्या सोसायटीच्या सभेत एका दोरीवरून दोन तास भांडण झालं. दोरी साधी, कपडे वाळत घालायची, फार तर पंधरा फूट. पण त्या पंधरा फुटांत चौदा मजले असे काही अडकले की शेवटी चहासुद्धा गार झाला. आमच्या सभेत चहा गार होणं ही किती गंभीर गोष्ट आहे, हे सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको.

प्रकरण असं. आम्ही राहतो अंधेरीत, मरोळच्या बाजूला. आमच्या कुंपणापलीकडे जुनं गावठाण आहे आणि त्यातल्या अगदी पहिल्या घरात मावशी राहतात. मावशी ईस्ट इंडियन. नाव ख्रिस्ती, लुगडं काठापदराचं, आणि मराठी आमच्यापेक्षा जुनं. त्यांची सून गोव्याची. दर उन्हाळ्यात या सासू-सुना डुकराचं मांस मिठात घालतात आणि अंगणातल्या दोरीवर चोरिसाच्या, म्हणजे आपल्या भाषेत सॉसेजच्या, माळा टांगतात. यंदा मावशी फाटकाशी आल्या नि म्हणाल्या, "दादा, तुमचे गच्चीवर दोन दिवस दोरी बांधू का? आमचे अंगनात ऊनच येत नाय."

मी सोसायटीचा सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे ज्याला पाण्याच्या टाकीपासून कुत्र्याच्या भुंकण्यापर्यंत सगळं विचारता येतं, पण ज्याला स्वतःहून काहीही ठरवता येत नाही असा गृहस्थ. मी विषय सभेपुढे ठेवला.

"डुकराचं मांस? जिथे आमच्या कुरडया वाळतात तिथे?" तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला. तिसरा मजला त्या वेळी माझ्या शेजारीच बसला होता, तरी आवाज तिसऱ्या मजल्यावरूनच आल्यासारखा वाटला. मग एका निवृत्त वकिलांनी नियमांचं पुस्तक उघडलं. नियम म्हणत होता, 'गच्चीवर वाळवण घालण्यास परवानगी आहे. इतर वस्तू वाळत घालू नयेत.' वकील चष्म्यावरून पाहत म्हणाले, "तेव्हा प्रश्न एवढाच आहे. चोरीस हे वाळवण आहे काय?" सभा आठ दिवसांनी पुन्हा भरवायचं ठरलं आणि तोवर या प्रश्नाचा अभ्यास करण्याचं काम माझ्याकडे आलं.

वास्तविक या कामाला माझ्याइतका नालायक माणूस शोधून सापडला नसता. आमच्या घरी चातुर्मासात लसूणसुद्धा रजेवर जातो. आम्ही इथे राहायला आलो त्या वर्षी मावशींच्या दोरीवरची ती तांबूस, टपोऱ्या मण्यांची माळ पाहून माझ्या आत्यानं खिडकीतून हात जोडले होते. "केवढे रुद्राक्ष गं बाई!" म्हणाली. ते काय आहे हे तिला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. ती सुखानं गेली.

पण निवृत्त माणसाला काम दिलं की तो थेट इतिहासात शिरतो. मीही शिरलो. पहिली गाठ पडली ती मिठाशी. मांस मिठात घातलं की मीठ त्यातलं पाणी ओढून घेतं. नासवणाऱ्या जंतूंनाही जगायला पाणी लागतं. ते मिळेनासं झालं की त्यांचा धंदा बसतो. कैरीच्या फोडींना मीठ लावून रात्रभर ठेवलं की सकाळी पातेल्यात पाणी सुटलेलं असतं, तीच ही गोष्ट. लोणचं, खारा बांगडा आणि खारवलेलं डुक्कर ही एकाच शाळेतली मुलं. फक्त एकमेकांच्या घरी जात नाहीत, इतकंच.

आणि मीठ तरी आणायला कुठे जायला हवं होतं? मुलुंड, भांडुप, कांजूरच्या खाडीकाठी पिढ्यान् पिढ्या मिठागरं होती. मिठासाठी हा सगळा भाग किती पेटला होता, तेही आपण विसरलो. १९३० मध्ये दांडीपाठोपाठ आमच्या शेजारच्या विलेपार्ल्यात सत्याग्रहाची छावणी पडली आणि वडाळ्याच्या मिठागरांवर माणसांच्या लाटा चालून गेल्या. त्याच मिठागरांच्या जमिनीकडे आता मीठ म्हणून कोणी पाहत नाही. २०२४ मध्ये कांजूर, भांडुप आणि मुलुंडची मिळून सुमारे २५५ एकर मिठागरांची जमीन धारावीतल्या रहिवाशांच्या घरांसाठी द्यायला केंद्र सरकारनं मान्यता दिली. म्हणजे जिथे मीठ पिकत होतं तिथे माणसं राहणार. माणसांनाही घरं हवीतच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः कोणाच्या तरी भातशेतावर राहतो.

मीठ आपलं, पण डुक्कर मिठात घालून वर आंबट करण्याची ही रीत आली पोर्तुगीजांबरोबर. महिनोन् महिने समुद्रावर राहायचं तर ताजं मांस कुठलं? ते पिपात मिठाचे थर देऊन ठेवत. पोट भरे, पण खारं मांस नि सुकी बिस्किटं खाऊन हिरड्या सुजत. 'क' जीवनसत्त्व म्हणून काही असतं हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला खरा, पण त्या सफरीत त्याची कितीतरी माणसं या रोगानं गेली. खारं मांस माणसाला हिंदुस्थानापर्यंत आणू शकतं, जिवंत परत नेईलच असं नाही.

त्या लोकांचा आणखी एक प्रकार होता, मांस वाइन आणि लसणीत मुरवायचा. नाव 'विन्या द आल्युश'. 'विन्यू' म्हणजे वाइन, 'आल्यु' म्हणजे लसूण. इथे आल्यावर वाइन महाग पडली, पण माडावर भंडारी होते. माडी आंबली की तिचा शिरका होतो. वाइनची जागा शिरक्यानं घेतली, अमेरिकेतून पोर्तुगीजांनीच आणलेली मिरची त्यात पडली आणि नावाचा 'विंदालू' झाला. पुढे विलायतेतल्या हॉटेलवाल्यांनी 'आलू' ऐकलं आणि आत बटाटे टाकले. बिचाऱ्या लसणीचं नाव बटाट्यानं लाटलं. मावशींच्या घरी मात्र त्याला 'इंद्याल' म्हणतात आणि बटाट्याला त्यात प्रवेश नाही. तसं पाहिलं तर 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांचाच. पावही त्यांचा, काजूही त्यांचा, चावीही त्यांची. एवढंच काय, आपण महिनाभर ज्याची वाट पाहतो तो 'पगार'सुद्धा पोर्तुगीज. आणि इंग्रजी 'सॅलरी'चं मूळ लॅटिनमध्ये मिठाच्या शब्दाशी जाऊन भिडतं. तेव्हा सोसायटीतल्या ज्या सभासदाला परक्या गोष्टींचा विटाळ होत असेल, त्यानं आधी पगार घेणं थांबवावं, असं एक वाक्य मी अहवालात लिहिलं होतं. बायकोनं ते खोडलं.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि तिच्याबरोबर हा सगळा मुलूख पोर्तुगीजांना दिला. १६६१ च्या करारानं मुंबई बेट लग्नात इंग्रजांकडे आंदण गेलं, पण आपली उपनगरं ज्या साष्टी बेटावर आहेत ते पोर्तुगीजांकडेच राहिलं. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज साहेब गेले. पण ज्या कुणबी, कोळी, भंडारी घरांनी ख्रिस्ती धर्म घेतला होता, ती जाणार कुठे? ती इथलीच होती. भात लावत राहिली, मासे धरत राहिली, मराठी बोलत राहिली. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली तेव्हाही ती इथेच होती. पुढे गोव्याहून, मंगळूरहून ख्रिस्ती मंडळी मुंबईत नोकरीला येऊ लागली. तेव्हा आपण त्यांच्यापेक्षा वेगळे, इथले मूळचे, कंपनी सरकारच्या वेळेपासूनचे, हे दाखवायला यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हे लोक 'ईस्ट' झाले ते असे. त्यांच्या १५७९ मधल्या एका चर्चचे अवशेष आमच्या घरापासून जवळच, सीप्झच्या आवारात, संगणकाच्या कचेऱ्यांच्या मधोमध उभे आहेत.

आता मावशींची सून. ती सासष्टीची. आपली ही साष्टी नि गोव्याची ती सासष्टी, दोन्ही नावांच्या पोटात सहासष्ट गावं आहेत म्हणतात. म्हणजे लग्न सासष्टीतून साष्टीत झालं. गोव्यात पावसाळ्याआधी जी बेगमी करतात तिला 'पुरुमेंत' म्हणतात. सुकी मासळी, मिरची, कोकम, कांदे, खारवलेलं मांस. इकडे मावशींचा त्याच दिवसांत बाटली-मसाला कुटला जातो आणि बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरला जातो. आणि आमच्याकडे त्याच दिवसांत काय चालतं? सांडगे, पापड, कुरडया. तीन घरं, तीन देव्हारे, पण पावसाची धास्ती एकच.

अभ्यास पुरा करायचा म्हणून मी कुंपणापलीकडे जाऊन कृतीही लिहून घेतली. मांसाचे बारीक तुकडे करायचे, खडे मीठ चोळायचं, वर दगडाचं वजन ठेवून पाणी निथळू द्यायचं. मग शिरका, लाल मिरची, लसूण, मिरी, लवंग, दालचिनी यांत मुरवायचं. वर थोडी फेणी. मग स्वच्छ धुतलेल्या आतड्यांत भरून दोऱ्यानं मणी पाडायचे नि उन्हाधुरात सुकवायचं. मावशींचं स्वतःचं खारं मांस मोठ्या तुकड्यांचं, चरबीसकट, बरणीतलं. ते शिजवण्याआधी थंड पाण्यात भिजत घालायचं, पाणी फेकायचं, आणि भांड्यात वेगळं मीठ टाकायचं नाही. "मीठ जास्त झाला तं धुता येतो," मावशी म्हणाल्या, "पर कच्चा र्‍हायला तं काय करनार?" हे मला फार शास्त्रीय वाटलं. डुकरातले जंत नुसत्या मिठानं मरतीलच याची खात्री नसते. ते नीट शिजवायलाच हवं.

आणि एवढुसा तुकडा पुरतो. चार मणी नि भरपूर कांदा-बटाटा, किंवा मूठभर मांस नि पातेलंभर राजमा. एका तुकड्यावर सात माणसांच्या पावाला चव येते. डुकराच्या मांसात प्रथिनं असतात, 'ब-१' जीवनसत्त्वही चांगलं असतं. पण खारवलेल्यात मीठ नि चरबीच बोलते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे चहाचा सपाट चमचाही नाही. तिच्याच कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये सांगितलं की असं टिकवलेलं मांस रोज पन्नास ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका अठरा टक्क्यांनी वाढतो. हे मी मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "रोज कोन खातो? रोज खायला आमी काय राजे हाव?" त्यांची रक्तदाबाची गोळी आणि माझी एकच आहे. त्या चोरिसाचे दोन मणी खाऊन ती घेतात. मी पापड, लोणचं नि सांडगी मिरची खाऊन घेतो. डॉक्टरांना आम्ही दोघंही खरं सांगत नाही.

निघताना मी सहज विचारलं, "मावशी, इतकी वर्षं अंगणात वाळत होतं. ऊन यंदाच कसं गेलं?"

मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी नुसतं वर पाहिलं. मीही पाहिलं. वर आमची इमारत होती. जुनी तीन मजल्यांची होती तोवर दहा वाजता ऊन कुंपण ओलांडून अंगणात उतरत असे. पुनर्विकासात आम्ही चौदा मजले झालो. आमच्या हॉलमध्ये भरपूर उजेड येतो. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो कौतुकानं दाखवतो. तो कुठून आणलेला आहे हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या सभेत मी इतिहास वाचला. १५३४ ला दोघं पेंगले, १७३९ ला तिसरा मजला ताठ बसला, १८८७ ला पुन्हा पेंगला. शेवटी मी वही मिटली नि उन्हाचं सांगितलं. जरा वेळ कोणी बोललं नाही. मग वकिलांनी नियमाचं पुस्तक उघडलं आणि खाकरून म्हणाले, "मीठ लावलेलं आहे, उन्हात घालायचं आहे, पावसाळ्यासाठी आहे. माझ्या मते हे वाळवणच आहे." तिसऱ्या मजल्यानं दोन अटी घातल्या. दोरी पूर्वेच्या कोपऱ्यात बांधायची आणि वर पातळ फडकं टाकायचं. मंजूर.

गेल्या शनिवारी गच्चीवर एका कोपऱ्यात चोरिसाच्या माळा होत्या, दुसऱ्या कोपऱ्यात तिसऱ्या मजल्याच्या कुरडया. मधे पाण्याच्या टाकीच्या सावलीत मावशी आणि तिसऱ्या मजल्याच्या वहिनी एकच काठी आळीपाळीनं हातात घेऊन बसल्या होत्या. कावळ्याला दोन्ही चालतं.