मराठी घेऊन पुढे काय? कोशांच्या कचेऱ्यांची गोष्ट

साहित्यात एम.ए. करणाऱ्याला घरचे, शेजारचे आणि एसटीत शेजारी बसलेले अनोळखी काकासुद्धा एकच प्रश्न विचारतात : पुढे काय? आपलं उत्तरही ठरलेलं असतं. नेट-सेट, मग पीएच.डी., मग प्राध्यापकी; मधली काही वर्षं तासिका तत्त्वावर. हे उत्तर आपण इतक्या वेळा देतो की साहित्याच्या अभ्यासकाचा धंदा म्हणजे शिकवणं, हे जणू पूर्वापार चालत आलंय असं वाटू लागतं.

तसं ते नाही. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये निघालं, पण एम.ए.च्या पातळीवर मराठीला जागा मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं, आणि तेही न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसांनी नेट लावल्यावर. म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा बराचसा काळ आजच्या अर्थाने 'मराठीचा प्राध्यापक' अशी नोकरी फारशी नव्हतीच. तरीही भाषेच्या आणि जुन्या वाङ्मयाच्या ज्ञानावर पोट भरणारी माणसं होती. ती कुठे होती? भाषांतर खात्यात, छापखान्यांत, वर्तमानपत्रांत, आणि कोशांच्या कामावर. यातलं शेवटचं क्षेत्र मी निवडलंय, कारण त्याचा माग सलग लागतो.

सुरुवात कंपनी सरकारपासून होते. राज्यकारभाराला मराठी हवी होती, म्हणून कोश हवा होता. 1829 मध्ये शास्त्रीमंडळींनी केलेला महाराष्ट्र भाषेचा कोश छापला गेला आणि 1831 मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. आपण 'मोल्सवर्थ' एवढंच म्हणतो. त्यामागे शब्द गोळा करणारे, अर्थ लावणारे, उदाहरणं पुरवणारे शास्त्री होते, ते त्या एका नावात बुडून गेले. 1829 च्या कोशावर काम केलेल्यांपैकी परशुरामपंत गोडबोल्यांचं पुढचं आयुष्य बघा. 1854 मध्ये त्यांनी 'नवनीत' हा जुन्या कवितांचा वेचासंग्रह काढला आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी जुनी कविता त्यातून वाचली. संस्कृत नाटकांची मराठी भाषांतरंही त्यांनी केली. आज आपण 'कोशकार', 'संपादक', 'अनुवादक' असे तीन वेगळे पेशे मानतो. त्यांच्याकडे एकच शिदोरी होती, शब्दाशब्दाने वाचण्याची.

आता जवळजवळ नव्वद वर्षं पुढे येऊ. श्रीधर व्यंकटेश केतकर 1911 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. घेतात, परत येऊन काही काळ कलकत्ता विद्यापीठात शिकवतात, आणि मग जे करतात ते आजच्या कुठल्याही मार्गदर्शकाने 'वेडेपणा' म्हणून उडवून लावलं असतं. मराठीत ज्ञानकोश काढण्यासाठी ते चक्क लिमिटेड कंपनी स्थापन करतात. काम नागपुरात सुरू होतं, पुढे पुण्याला येतं. सरकारी आश्रयावर सगळं सोडून न देता भागधारक आणि आगाऊ वर्गणीदार मिळवायचे, असा हा हिशेब होता. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड झाले; पहिले पाच नुसते प्रस्तावनाखंड. या सगळ्या खटाटोपाचा इतिहास केतकरांनी 1927 मध्ये 'माझें बारा वर्षांचें काम' या नावाने स्वतःच लिहून ठेवलाय. संशोधनाची तयारी करणाऱ्याने तो वाचावाच. एखादा मोठा ग्रंथ म्हणजे पैसा, कागद, माणसं आणि भांडणं यांचं गणित असतं हे त्यातून जितकं कळतं, तितकं कुठल्या संशोधनपद्धतीच्या पुस्तकातून कळत नाही.

(जाता जाता : केतकरांच्या पत्नी शीलवतीबाई मूळच्या युरोपातल्या. विंटरनित्झचा भारतीय वाङ्मयाचा जर्मन इतिहास त्यांनी इंग्रजीत आणला आणि तो कलकत्ता विद्यापीठाने छापला. संस्कृत वाङ्मयाच्या वर्गात आजही तो ग्रंथ नेमलेला दिसतो. अनुवादकाचं नाव किती जण बघतात, हा भाग वेगळा.)

माझ्या मते ज्ञानकोशाची खरी कमाई खंडांइतकीच तिथे तयार झालेल्या माणसांची आहे. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे ही जोडी तिथल्याच संपादनकामात मुरलेली. ज्ञानकोश संपला तसं तिथलं कामही संपलं. मग या दोघांनी 'महाराष्ट्र शब्दकोश' हाती घेतला. 1932 ते 1938 या काळात त्याचे सात खंड निघाले, 1950 मध्ये पुरवणी आली. त्याच्या आगेमागे वाक्संप्रदाय कोश, शास्त्रीय परिभाषा कोश, सुलभ विश्वकोश अशी रांगच आहे. एका कचेरीत शिकलेलं काम पुढच्या कचेरीला जन्म देतं, ते असं.

या शब्दकोशाचं एखादं पान उघडून नीट बघा. शब्दाच्या पुढे कंसात कों., गो., व., ना., खा. अशा खुणा दिसतील : कोकणातला, गोव्याकडचा, वऱ्हाडातला, नागपूरकडचा, खानदेशातला. अर्थापुढे एखादं अवतरण आणि शेवटी 'ज्ञा', 'एभा', 'दा' अशी अक्षरं, म्हणजे ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, दासबोध. आता विचार करा, ते एक अक्षर तिथे येण्यासाठी कुणीतरी अख्खी ज्ञानेश्वरी शब्दकोशाच्या नजरेने वाचली असणार, शब्द वेचला असणार, चिठ्ठी लिहून अकारविल्ह्यात घातली असणार. पोथी वाचता येणं, बोलीतला फरक कानाला कळणं, एका शब्दाचे चार अर्थ चार संदर्भांत वेगळे काढता येणं, यासाठीच कुणीतरी वेतन द्यायला तयार होतं. साहित्याचा विद्यार्थी वर्गात जे शिकतो तेच हे.

पण याचं फार गोड चित्र रंगवू नका. ही कामं प्रकल्पाची होती, पेन्शनची नव्हेत. ज्ञानकोशासारखं काम उभं करणारे केतकर 1937 मध्ये हलाखीतच वारले. शंकर गणेश दात्यांनी 1800 पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची केली (पहिला भाग 1944, दुसरा 1961). तिच्याशिवाय तुमचा-माझा संशोधन आराखडा पुढे सरकत नाही, पण एवढ्या कामामागे संस्था अशी जवळजवळ नव्हतीच, एका माणसाची चिकाटी होती. संधी होत्या हे खरं. त्या कुणीतरी आधी अंगावर जोखीम घेऊन निर्माण केल्या, हेही तितकंच खरं.

1960 नंतर ही जोखीम राज्याने उचलली. भाषा संचालनालय आलं, शासनव्यवहाराची परिभाषा आणि अनुवादकांची पदं आली. साहित्य संस्कृती मंडळ आलं, आणि वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाची कचेरी उभी राहिली. गंमत म्हणजे या सगळ्याचा प्रमुख संपादक विद्यापीठाचा पदवीधर नव्हता, पाठशाळेत शिकलेला होता. पहिला खंड 1976 चा; विसाव्या खंडापर्यंत पोचायला पुढची चार दशकं गेली. विश्वकोशात नोंदीच्या शेवटी लेखकाचं आडनाव येतं. मोल्सवर्थच्या शास्त्र्यांशी तुलना केली तर हा बदल लहान नाही.

आता तुमच्या कामाचं. या कचेऱ्यांवर मराठीत संशोधनविषय पडून आहेत आणि विद्यार्थी अजूनही 'अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण' याच रांगेत उभे आहेत. कोशांच्या प्रस्तावना ओळीने वाचा : मदतनीसांचे आभार कुठे आहेत, कुठे नाहीत? अवतरणं कोणत्या ग्रंथांतून घेतली, कोणते वगळले? महानुभाव वाङ्मय किती आलं? बायकांच्या ओव्या, कारागिरांचे शब्द कितपत आले आणि ते कुणाकडून मिळवले? एवढ्या प्रश्नांवर एक प्रबंध सहज उभा राहतो. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, त्यामुळे ग्रंथालय लांब आहे ही सबबही उरत नाही.

आणि नोकरी म्हणून? या वाटा अगदी बंद झालेल्या नाहीत. विश्वकोशाच्या ज्ञानमंडळांसाठी विषयवार नोंदी लिहिल्या जातात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 1948 मध्ये सुरू झालेला संस्कृतचा महाकोश अजून चालू आहे. प्रसिद्ध खंड अजून 'अ'च्याच घरात आहेत. शं. गो. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश तुळपुळे गेल्यानंतर 1999 मध्ये निघाला. फेल्डहाउस अमेरिकेतल्या, आणि जुनी मराठी त्यांनी पोथ्यांतून शिकलेली. यातल्या प्रत्येक ठिकाणी मराठीच्या जोडीला आणखी एक भाषा लागते : संस्कृत, फारसी, पोर्तुगीज, कन्नड, निदान मोडी लिपी तरी. एम.ए.चं दुसरं वर्ष चालू असेल तर आत्ताच एक निवडा. मोडीपासून सुरुवात केलीत तर पुराभिलेखागाराचे प्रशिक्षणवर्ग असतात, चौकशी करून ठेवा.