रविवारचा चहा व सोन्याचें फूल

कवितेचा संबंध एकान्ताशीं जोडण्याची आपल्याला संवय झालेली आहे. कवि म्हटला कीं नदीच्या कांठीं किंवा माडीवरच्या खोलींत एकटा बसलेला मनुष्य डोळ्यांपुढें उभा राहतो. चहाचे पेले, सतरंजी, वर्गणीचा हिशेब व छापखान्याचीं मुद्रितें यांच्याशीं त्याचें कांहीं नातें असेल असें मनांतही येत नाहीं. परंतु वाङ्मयाचा इतिहास जरा जवळून पाहूं लागलें म्हणजे या सतरंजीचा व या हिशेबाचा महिमा पदोपदीं दिसूं लागतो. पुण्याच्या रविकिरण मंडळाची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

१९२३ च्या सुमारास पुण्यांतील कांहीं तरुण मंडळी रविवारीं चहासाठीं एकत्र जमत असे. या बैठकीला 'सन टी क्लब' असें अर्धवट थट्टेचें इंग्रजी नांव होतें. त्यांतूनच त्या सालीं रविकिरण मंडळ निघालें. माधव जूलियन म्हणजे माधव त्रिंबक पटवर्धन, यशवंत म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर, गिरीश म्हणजे शंकर केशव कानेटकर, श्रीधर बाळकृष्ण रानडे व त्यांच्या पत्नी मनोरमाबाई, ग. त्र्यं. माडखोलकर, वि. द. घाटे, द. ल. गोखले व नाट्यछटाकार दिवाकर अशीं यांतील प्रमुख नांवें. सभासदांची गणती सर्वत्र एकसारखी केलेली आढळत नाहीं. तथापि सप्तर्षि व अरुंधती ही उपमा मात्र मंडळाला कायमची चिकटली. यांतील अरुंधती मनोरमाबाई हें सांगावयास नकोच. त्या काळीं सुशिक्षित पुण्यांतही पुरुषांच्या बैठकींत बसून एका स्त्रीनें आपली कविता वाचावी, व तिची चर्चा इतरांच्या कवितांप्रमाणेंच व्हावी, ही गोष्ट साधी नव्हती. मंडळाच्या नव्या वृत्तांची चर्चा आजवर पुष्कळ झाली. या गोष्टीची त्या मानानें फारच थोडी झाली असें आम्हांस वाटतें.

या मंडळींत संस्थानिक कोणी नव्हता, जहागीरदार नव्हता. बहुतेक पगारावर संसार करणारे. माधव जूलियन फार्शीचे प्राध्यापक, दिवाकर शाळामास्तर, गिरीशही शिक्षकच, यशवंतांना नोकरीमुळें येरवड्याच्या बालगुन्हेगारांचें जें जग दिसलें, तें पुढें १९३२ च्या 'बंदिशाळा' या खंडकाव्यांत उतरलें. अशा माणसांना आठवड्यांत एकच दिवस मोकळा मिळतो. मंडळाच्या नांवांतला 'रवि' आकाशांतला आहे तितकाच पंचांगांतलाही आहे, व आम्हांस दुसराच अधिक खरा वाटतो.

आतां त्यांच्या पहिल्या कामाकडे वळूं. स्थापनेच्याच वर्षीं मंडळानें 'किरण' हा सभासदांच्या कवितांचा संग्रह स्वतः प्रसिद्ध केला, व पुढच्या चार-पांच वर्षांत 'उषा', 'शलाका', 'प्रभा' असे आणखी संग्रह काढले. वरवर पाहतां यांत विशेष तें काय असें कोणी विचारील. त्यानें मागच्या पिढीकडे पाहावें. आधुनिक मराठी कवितेचे जनक केशवसुत १९०५ सालीं हुबळीस वारले. त्यांच्या कवितेचें पुस्तक हरिभाऊ आपटे यांनीं छापलें तें १९१७ सालीं. म्हणजे आपल्या कविता एकत्र बांधलेल्या पाहण्याचें भाग्य त्या कवीला लाभलें नाहीं. बालकवि १९१८ सालीं गेले, त्यांची गतही तीच. या कवींची सारी भिस्त मासिकांवर होती. जळगांवचे नारायण नरसिंह फडणीस यांनीं १८८७ पासून 'काव्यरत्नावली' चालविली नसती तर यांतलें किती वाचलें असतें कोण जाणे! त्याच जळगांवांत १९०७ सालीं कविसंमेलन भरलें, तेव्हां सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना कर्नल कीर्तिकरांनीं 'बालकवि' ही पदवी दिली. पदवी मिळाली, टाळ्या मिळाल्या. पुस्तक मिळालें नाहीं. या पार्श्वभूमीवर चारचौघांनीं मिळून, प्रकाशकाची वाट न पाहतां, आपला संग्रह आपण काढावा, या व्यवहारी वृत्तीचें मोल कळून येतें.

येथें आम्हांस एका परदेशी मंडळाची आठवण होते. दक्षिण फ्रान्समधील तुलूझ शहरांत १३२३ च्या नोव्हेंबरांत, म्हणजे 'किरण' निघण्याच्या बरोबर सहाशें वर्षें आधीं, सात नागरिकांनीं भोंवतालच्या प्रांतांतील कवींना एक पद्यमय आमंत्रण धाडलें. हे सात कोण? एक लहानसा सरदार, एक नगरवासी गृहस्थ, दोन सराफ, दोन व्यापारी व एक कारकुनी पेशाचा लेखक. शहराबाहेरच्या एका बागेंत ते जमत असत. तेराव्या शतकांतील धर्मयुद्धांत त्या प्रदेशाचे जुने दरबार मोडले होते, त्यांच्याबरोबर तेथील ऑक्सितान भाषेंत गाणाऱ्या कवींचा आश्रय गेला होता. तो वारसा या सराफ-व्यापाऱ्यांनीं बागेंत नेऊन जगविला. आमंत्रण असें होतें कीं, येत्या १ मे रोजीं कविता घेऊन या. उत्तम ठरेल तिला सोन्याचें व्हायोलेट फूल देऊं. १३२४ च्या मेमध्यें स्पर्धा भरली. पहिल्या दिवशीं कविता स्वीकारल्या, दुसऱ्या दिवशीं परीक्षण, तिसऱ्या दिवशीं निकाल. फूल कास्तेलनोदारीच्या आर्नो विदालनें नेलें. फुलाचा खर्च पुढें शहरानें उचलला.

परंतु स्पर्धा म्हटली कीं परीक्षक आला, व परीक्षक आला कीं नियम आले. कोणती कविता उत्तम हें ठरविण्यास कांहीं माप हवें म्हणून या मंडळानें आपल्या चिटणिसाकडून व्याकरण, छंद व अलंकार यांचा एक मोठा ग्रंथ रचून घेतला. त्या भाषेचा अभ्यास करणाऱ्यांना तो ग्रंथ आज अमोल वाटतो. मात्र ज्या स्पर्धेसाठीं तो लिहिला गेला तींतील बक्षिसी कविता वाचूं गेल्यास त्या बऱ्याच अंशीं नियमांना घाबरलेल्या दिसतात. पुढें तर १६९४ सालीं चौदाव्या लुईनें या संस्थेला अकादमीचा दर्जा दिला, व जी भाषा जगविण्यासाठीं हा सारा खटाटोप, ती बाजूस सारून तेथें फ्रेंचचें राज्य झालें. १८१९ सालीं सतरा वर्षांच्या व्हिक्टर ह्यूगोला तेथें सोन्याचें लिलीचें फूल मिळालें तें फ्रेंच कवितेला. ऑक्सितान भाषेला त्या मंडपांत पुन्हां जागा मिळाली ती १८९५ सालीं. राजमान्यतेची किंमत इतकी मोठी असूं शकते!

पुण्याच्या मंडळाची ओळख सोन्याच्या फुलानें झाली नाहीं, चहाच्या पेल्यानें झाली. तेथें परीक्षक म्हणजे समोर बसलेला मित्र. मित्राचें परीक्षण कधीं अति सौम्य असतें, कधीं जिव्हारीं लागणारें. परंतु तें पुढच्या रविवारीं बदलतां येतें, हा त्याचा गुण आहे. आमच्या महाविद्यालयीन काव्यस्पर्धांत आम्ही पुष्कळ वर्षें परीक्षक म्हणून बसलों. निकाल लागल्यावर विद्यार्थी आपली वही उचलून घरीं जातात व पुन्हां एकमेकांची कविता ऐकत नाहींत, हें पाहून त्या खुर्चीचा आम्हांस कंटाळा आला.

अर्थात् मित्रमंडळाचे दोषही मंडळाला जडले. एकमेकांचे शब्द, एकमेकांच्या लकबी सर्वांच्या कवितांत फिरूं लागल्या. यशवंत व गिरीश आपल्या कविता गाऊन दाखवीत. त्यामुळें कविता घरोघर गेली हें खरें, पण गोड गळ्याच्या आश्रयानें कांहीं दुबळ्या ओळीही तरून गेल्या. माधव जूलियन यांनीं फार्शीच्या व्यासंगांतून गज्जल मराठींत रुजविली, आणि त्यांच्या मागोमाग ज्यांना फार्शीचा गंधही नव्हता अशांनीं प्याले भरले. हें सारें पुण्यांतल्याच एका तरुण शिक्षकाच्या तीक्ष्ण डोळ्यांनीं टिपलें. 'केशवकुमार' या नांवानें प्रल्हाद केशव अत्रे यांनीं १९२५ सालीं 'झेंडूचीं फुलें' प्रसिद्ध केलीं व मंडळाच्या लकबींची अशी खोड मोडली कीं महाराष्ट्र खदखदून हंसला. गंमत अशी कीं तुलूझच्या बक्षिसांत पुढें जीं आणखी फुलें आलीं त्यांत एक झेंडूसारखेंच होतें. तेथें तें विजेत्याला देत, येथें तें पराभूताच्या गळ्यांत पडलें. मात्र पराभूत हा शब्द तितकासा बरोबर नाहीं. विडंबनासाठीं मूळ कविता वाचकाच्या तोंडीं असावी लागते, आणि ती तशी होती हीच मंडळाच्या यशाची सर्वांत भरंवशाची पावती.

चहाच्या बैठकी माणसांना संकटांतून सोडवीत नाहींत. खाजगी आयुष्यांतील एका प्रकरणावरून उठलेल्या लोकापवादामुळें माधव जूलियन यांना पुण्याची प्राध्यापकी सोडावी लागली, व पुढें ते कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयांत गेले. या दिवसांतच त्यांचें १९२६ चें 'विरहतरंग' निघालें. त्याच १९२६ सालीं मनोरमाबाई वारल्या. तेव्हां त्या अवघ्या तिशींत होत्या. बैठकीचा कणा येथेंच मोडला असें आम्हांस वाटतें, जरी 'प्रभा' त्यानंतर निघाली. दिवाकर १९३१ सालीं गेले. ज्यांनीं फार्शी-मराठी कोश रचला तेच माधव जूलियन भाषाशुद्धीचे कैवारी झाले. 'छंदोरचने'बद्दल १९३८ सालीं मुंबई विद्यापीठानें त्यांना डी. लिट्. दिली, आणि पुढच्याच वर्षीं ते वारले.

राहिलेले आपापल्या वाटांनीं गेले. माडखोलकर कविता सोडून कादंबरी व वृत्तपत्राकडे वळले; १९४६ च्या बेळगांव साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९३६ सालीं जळगांवला तो मान माधव जूलियन यांना मिळाला होता. १९५० सालीं मुंबईस यशवंतांना व १९५३ सालीं अहमदाबादेस घाट्यांना मिळाला. एका चहाच्या बैठकींतून चार संमेलनाध्यक्ष! यशवंत १९८५ पर्यंत होते. 'किरण' निघून तेव्हां बासष्ट वर्षें झालीं होतीं.